नम्रताची झोप माझ्या मनगटावर

आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी नम्रता आहारशास्त्र शिकते. हे कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस खूश होऊन म्हणतो, "वा, म्हणजे तुमच्या घरात आता सगळं पथ्यपाण्याचं!" मी गप्प बसतो. जिची सकाळ आमच्या दुपारच्या आमटीच्या फोडणीला उजाडते आणि जिचा नाश्ता कागदी कपातल्या नूडल्सवर गरम पाणी ओतून होतो, तिच्याबद्दल बोलून आपण आपली जीभ का विटाळावी?

मी बाळ. सत्तरी ओलांडली तरी बाळच, कारण घरच्यांनी नाव ठेवताना पुढचा विचार केला नाही. पुण्यात सहकारनगरात तळमजल्यावर आमचं घर आहे, आणि घरात माझी बायको श्यामला आणि मी. विमा कचेरीत नोकरी झाली. लोक विमा उतरवताना आपल्या तब्येतीबद्दल ज्या थापा मारतात, त्या पकडायचं माझं काम होतं. बिडी ओढणारा माणूस 'निर्व्यसनी' लिहून देतो, तेव्हा त्याची बोटं बघायची असतात, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. माझ्या अब्रूच्या विरोधात, पण येईल.

तर नम्रता. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याची. उंच, काटकुळी, हसली की गालाला खळी. तिच्या मोबाइलमध्ये तिच्या तब्येतीची काळजी घेणारी अख्खी फौज आहे. एक अ‍ॅप तासातासाला किणकिणतं आणि विचारतं, पाणी प्यायलं का? ही 'प्यायले' यावर बोट दाबते आणि पुन्हा रील्स बघायला लागते. तांब्या भरलेला तसाच. दुसरं अ‍ॅप दीर्घ श्वास घ्यायची आठवण करून देतं. मी तिला विचारलं, "ते बंद पडलं तर काय करणार आहेस?"

"काका, तुम्ही ना!" एवढंच तिचं उत्तर. माझ्या निम्म्या प्रश्नांना तिचं हेच उत्तर असतं.

तिसरं अ‍ॅप जेवणाचं. ताटाचा फोटो काढला की ते सांगतं पोटात काय काय गेलं. आमच्याकडे ती रविवारी जेवते. पहिल्या रविवारी श्यामलाने तिला तव्यावरचं थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा. बाईसाहेब फोटोच काढतायत. उजेड नीट नाही म्हणून ताट घेऊन खिडकीपाशी गेल्या. लोणी वितळून पार कडेला आलं, आणि शेवटी अ‍ॅपने निकाल दिला की हा पिझ्झा आहे. श्यामलाने त्या दिवसापासून त्या मोबाइलशी उभा दावा मांडलाय. नम्रता जेवायला बसली की ती पहिल्यांदा म्हणते, "ते बाहेर ठेव, मग पानावर ये."

पण पोरगी गुणी आहे, हेही सांगितलं पाहिजे. मी जिवंत आहे हे पेन्शनवाल्यांना दरवर्षी पटवून द्यावं लागतं, ते तिने माझा चेहरा मोबाइलसमोर धरून बसल्या जागी पटवून दिलं. श्यामलाच्या हातातली भाजीची पिशवी ती न सांगता घेते. दारव्ह्याहून आली की आमच्यासाठी तुरीची डाळ आणते, आणि ती डाळ अशी शिजते की आमची पुण्याची डाळ मग दोन महिने नजरेसमोर नको होते.

तिची अडचण एकच होती, झोप. पहाटेपर्यंत तिच्या खोलीच्या दाराखालून मोबाइलचा निळसर उजेड दिसायचा. मग कॉलेजच्या तासाला डोळे चोळत, उपाशीपोटी पळायचं. गेल्या वर्षी प्रॅक्टिकल चालू असताना ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं खाली की डॉक्टरांनी विचारलं, "तू शिकतेस काय?" आहारशास्त्र म्हणून सांगायला तिला लाज वाटली. ती म्हणाली, बी.एस्सी.

तिचे वडील कोंडीराम तिला घरी घेऊन गेले. ते जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहेत. गायीम्हशींना लस टोचणं, ताप बघणं ही त्यांची कामं. नम्रताची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे हा माणूसच तिची आई आणि बाप. त्यांचं म्हणणं होतं, आता पुणं पुरे, यवतमाळला कॉलेज आहे, डोळ्यांसमोर राहा. ही रडली, रुसली, जेवणं सोडली. मुळात जेवत नव्हतीच, त्यामुळे त्याचा फारसा परिणाम झाला नाही. अखेर बापलेकीत तह झाला. कोंडीरामांनी तिला मनगटावरचं ते नव्या पद्धतीचं घड्याळ घेऊन दिलं. किती चाललीस, किती झोपलीस, नाडी कशी चालली आहे, सगळं त्यात उमटतं आणि ते दारव्ह्याला त्यांच्या मोबाइलवर दिसतं. अट अशी की वेळेवर झोपायचं आणि सकाळी चालायला जायचं. त्यात खंड दिसला की सामान बांधून घरी. मग पुणं नाही, शेवटचं वर्ष नाही, इथल्या मैत्रिणी नाहीत.

पहिले काही दिवस ती खरोखर चालली. मग एका पहाटे मी तळजाईच्या टेकडीवर निघालो असताना तिने दार किलकिलं केलं. केस पिंजारलेले, डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, तुम्ही चालायला निघालाच आहात ना? मग हे जरा घालून जाता का? आजच्यापुरतं."

आता मी तिथल्या तिथे तिला झापायला हवं होतं. खोटी माहिती पकडण्यात हयात गेलेला माणूस मी! पण खरं सांगायचं तर मला त्या घड्याळाचं कुतूहल होतं. पट्टा गुलाबी होता, पण अंधारात कोण बघतंय. घातलं. टेकडीचा चढ संपवून वर पोचलो आणि मनगट थरथरलं. बघतो तर घड्याळावर फुलबाज्या उडतायत आणि खाली लिहिलंय, 'फारच छान!'

तुम्ही पुण्याचे नसाल तर तुम्हाला यातलं गांभीर्य कळणार नाही. या शहरात मी जन्म काढला. मला कुणी 'फारच छान' म्हटल्याचं आठवत नाही. माझ्या निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते, "यांच्या कामाबद्दल विशेष तक्रार नव्हती." आणि हे यंत्र, ओळख ना पाळख, माझ्यासाठी फुलबाज्या उडवतंय!

वर कोंडीरामांचा संदेश. नम्रताने दुपारी वाचून दाखवला, 'शाबास माय बाई. आज तर टेकडी चढली तू.' ती कौतुक ऐकून ओशाळली आणि मी चक्क सुखावलो. आजच्यापुरतंचं रोजचं झालं. मी चढाच्या वाटेने जायला लागलो, परतीला जास्तीचा वळसा घ्यायला लागलो. उद्या दारव्ह्याचे कोंडीराम काय म्हणतील याची मला पहाटे उठल्यापासून उत्सुकता.

श्यामला म्हणाली, "बायकी घड्याळ घालून मिरवताय, एक दिवस तोंडघशी पडाल."

"पोरीचं वर्ष वाचतंय."

"वर्ष वाचेल हो. पोरगी वाचते का ते बघा." असं म्हणून ती कणीक मळायला गेली. तिला नेहमीच असं काहीतरी बोलून निघून जायची सवय आहे, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही.

पुढची पायरी झोपेची. नुसतं चालणं दिसतंय आणि झोप दिसत नाही, असं कोंडीरामांनी विचारलं. मग घड्याळ रात्रीही माझ्याच हातात. सकाळी टेकडीवरून परतलो की नम्रताच्या उशाखालच्या मोबाइलशी घड्याळाचा भिंतीआडून संवाद व्हायचा आणि सगळी बातमी दारव्ह्याला पोचायची. पोरगी दहाच्या आत झोपते, पहाटे उठते, टेकडी चढते. कोंडीरामांनी दवाखान्यात पेढे वाटले म्हणे. इकडे पोरगी दिवस वर येईपर्यंत लोळते, विंचरताना तिच्या कंगव्यात केसांचा पुंजका येतो, आणि ती तसाच कंगवा झटकून कॉलेजला पळते.

पण माणसाची रात्र म्हणजे काही सरळ रेघ नसते, आणि माझ्या वयाच्या माणसाची तर नाहीच. मला रात्री उठावं लागतं. वयाची गोष्ट आहे, जास्त खुलासा करत नाही. श्यामला त्यावर निजण्याआधी "दिवा लावू नका" यापलीकडे कधी काही बोललेली नाही. पण घड्याळ बोललं! कोंडीरामांनी लेकीला फोन केला, "रात्री वारंवार काहून उठतेस, बाई?"

आता इथे नम्रताने जे उत्तर दिलं, ते फक्त आहारशास्त्राच्या विद्यार्थिनीलाच सुचेल. ती झोकात म्हणाली, "बाबा, मी आता पाणी खूप पिते ना!"

झालं. वारंवार उठणं, खूप तहान. वर व्हिडिओ कॉलवर गालफडं बसलेली दिसतायत. कोंडीरामांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि ती घेऊन तिथल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, लक्षणं मधुमेहाची वाटतात, ताबडतोब तपासा. लेकीला त्यांनी यातलं अक्षर कळवलं नाही, घाबरेल म्हणून. रजा टाकली आणि पुण्याची गाडी धरली.

सकाळी मी टेकडीवरून आलो, चपला काढतोय तोवर बेल वाजली. दारात एक सावळे, बारीक चणीचे गृहस्थ. हातात कापडी पिशवी, डोळे प्रवासाने लाल झालेले. "नमस्कार काका, मी नम्रताचा बाबा," असं म्हणून ते हात जोडतात तोच त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली. गुलाबी पट्टा. नेमकं त्याच क्षणी घड्याळाने माझ्यासाठी फुलबाज्या उडवल्या.

कोंडीरामांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पुन्हा घड्याळाकडे. मी लोकांच्या बोटांवरून बिडी ओळखायचो ना? या माणसाने माझ्या मनगटावरून सगळं ओळखलं.

"माया पोरीचं हाय ना जी हे?"

मी तोंड उघडलं. विमा कचेरीत ऐकलेल्या सगळ्या सबबी आठवल्या, पण त्या तर मीच एकेक करून नापास केलेल्या. "हो," म्हणालो. "आत या. बसा."

ते बसले. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी सांगत गेलो, ते ऐकत गेले. मध्येच म्हणाले, "म्हणजे टेकडी तुम्ही चढून रायले होते."

"हो."

"अन् रात्री उठणारे बी तुम्हीच."

"मीच."

त्यांनी पिशवीतून एक बरणी काढून टीपॉयवर ठेवली. जांभळाच्या बियांची पूड. साखरेवर उतारा म्हणून शेजाऱ्यांकडून वाळवलेल्या बिया मागून, रातोरात स्वतः कुटून आणली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्यामला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 'मी म्हटलं नव्हतं?' असं ती बोलली नाही, नुसती नम्रताला उठवायला गेली.

नम्रता डोळे चोळत आली. बापाला बघून आधी हसली, गालाला खळी पडली. मग माझं मनगट दिसलं, बरणी दिसली, आणि ती होती तिथेच जमिनीवर बसली.

कोंडीराम ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "सामान भर."

ती उठली नाही. रडायला लागली. मी काही बोलणार, तोच श्यामलाने मला डोळ्यांनी गप्प केलं आणि कोंडीरामांना म्हणाली, "अहो, एवढे आलात तर एकदा तिला विचारा तरी. इतके दिवस तुम्ही घड्याळालाच विचारताय."

कोंडीरामांनी बरणी बाजूला सरकवली. मग विचारलं, "खरी कवा झोपतेस?"

"तीनला. कधी चार वाजतात."

"काय करतेस तवरीक?"

"काही नाही, बाबा. मोबाइल बघते. बंद केला की खोली एकदम शांत होते. मग घर आठवतं. करमत नाही. मग पुन्हा उघडते."

"मंग फोन काहून नाही केला मले?"

"तुम्ही म्हणाला असता, परत ये."

कोंडीरामांच्या तोंडावरचा रागच गेला. तिथे जे आलं ते बघवेना. ते खुर्चीवरून उठले आणि तिच्यासमोर फरशीवर उकिडवे बसले, आजारी वासरासमोर बसतात तसे. म्हणाले, "जनावराले बोलता येत नाही, बाई. म्हणून त्याले थर्मामीटर लावा लागते. तुले तर बोलता येते ना? अन् मीबी असा येडा, की बोलणाऱ्या पोरीले घड्याळ लावून देलं. रोज सकाळी आकडे पायत होतो अन् समाधानानं चहा पीत होतो. तुले काय होऊन रायलं, हे इचारलंच नाही."

पोरगी बापाच्या गळ्यात पडली. मला चष्मा पुसावा लागला. श्यामलाने मुद्दाम भांड्यांचा आवाज केला.

सामान भरलं गेलं नाही. कोंडीराम संध्याकाळच्या गाडीने परतले, पण त्याआधी नम्रताला घेऊन रक्त तपासून आले. साखर ठणठणीत, हिमोग्लोबिन पुन्हा खाली. गोळ्या आणल्या, त्या रोज आपल्या डोळ्यांसमोर घ्यायला लावायच्या असं श्यामलाला सांगितलं. नव्या अटीही ठरल्या. रात्री मोबाइल आमच्या हॉलमधल्या कपाटावर राहील. करमलं नाही तर तिने श्यामलाचं दार वाजवायचं. आणि रोज सकाळी बापाला फोन करून आपल्या तोंडाने सांगायचं, कशी झोपले, काय खाल्लं. वाईट असेल तर वाईट सांगायचं. वाईट सांगितलं म्हणून घरी नेणार नाही, असं कोंडीरामांनी तिला शब्द दिला. खोटं सापडलं तर मात्र त्याच दिवशी गाडी धरायची.

घड्याळ त्यांनी माझ्या हातातून स्वतः काढून घेतलं आणि खिशात टाकलं. "पशुधनाले लावून पायतो," म्हणाले. हसले नाहीत, पण मला वाटतं तो विनोदच होता. विदर्भातले लोकही टोमणे मारतात, हे मला तेव्हा कळलं. जांभळाची पूड तेवढी आमच्याकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नम्रता हॉलमध्ये फोनवर बोलत होती. आवाज पडलेला. "दोनपर्यंत जागीच होते, बाबा. मोबाइल नव्हता, तरी झोप नाही आली. हो, श्यामलाकाकूंचं दार वाजवलं. त्यांनी दूध दिलं. हो, पोळी खाल्ली. अर्धी. बरं, पूर्ण खाते."

पलीकडून बराच वेळ काहीतरी आलं, आणि तिचा चेहरा थोडा सैलावला. मग तिने फोन माझ्यापुढे धरला. "काका, बाबांना तुमच्याशी बोलायचंय."

मी सावध झालो. म्हटलं, आता माझी हजेरी. पण कोंडीराम म्हणाले, "काका, त्या पोरीच्या नादात तुमचं रायलंच की. मी तुमच्या रात्री पायल्या आहेत. तुमची साखर तपासा अन् ते उठण्याचं बी डॉक्टरले दाखवा. काल रात्री कितीकदा उठले?"

माझ्या रात्रींची अशी चौकशी आजवर कुणी केली नव्हती. आणि त्यांना काळजीत टाकायचं माझ्या जिवावर आलं. "छे हो, काही नाही," मी म्हणालो. "एकदाच."

"खोटं बोलतायत ते!" श्यामला स्वयंपाकघरातून ओरडली. "तीनदा! परवा चारदा! गेलं वर्षभर हेच चाललंय. दिवा लावू नका म्हणते ते याचसाठी, की मी जागी आहे हे यांना कळू नये. कळलं की माझी झोप मोडू नये म्हणून चोरपावलांनी जातात आणि धडपडतात."

मी फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो. वर्षभर ही बाई डोळे मिटून माझी पावलं मोजत होती, मी परत येऊन पांघरूण घेईपर्यंत. आणि मला वाटत होतं तिला गाढ झोप लागते.

"काका?" पलीकडून कोंडीराम म्हणाले.

नम्रता माझ्याकडे बघत होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि हातात पूर्ण करायची पोळी.

"तीनदा उठलो, कोंडीरामजी," मी म्हणालो. "आज डॉक्टरांकडे जातो."